बेंबीची खूण
सर्पमित्राने सापाचं पिल्लू तळहातावर अलगद उलटं केलं. "धामणीचं आहे, बिनविषारी. पोटावरची बेंबीची खूण अजून ताजी दिसतेय, दोनच दिवसांचं असेल. मागच्या गवतात सोडून देऊ."

सकाळपासून त्याच्यावर टोपली पालथी घालून राखण करत बसलेली मुलगी आडवी आली.

"का पण, काका? त्यानं काय केलं?"

"काही नाही गं. यांना आई लागत नाही. पहिल्या दिवसापासून एकटीच जगतात."

"असं ते म्हणालं?"

सर्पमित्राने पिल्लू तळहातावर पुन्हा सुलटं केलं.

"मलाही कुणीतरी सोडलं होतं, त्या पायरीवर," ती दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "मीपण दोनच दिवसांची होते. पण बालगृहाच्या बाईंनी मला आत घेतलं."