खटक्याचं माउंट

“हे नको. ह्याचे स्क्रू काढेपर्यंत संध्याकाळ व्हायची,” असं म्हणत सेल्विनने तिसरं माउंट काउंटरवरून परत ढकललं.

मेरेआनाने ते उचललं आणि पुन्हा त्याच्याच पुढ्यात ठेवलं. होकिटिका गावातलं हे बंदुकांचं दुकान ती बावीस वर्षं चालवत होती. रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणारं माउंट कसं असावं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

“काका, माझं ऐका. हे पोलादी आहे. चार स्क्रू एकदा कसले की विषय संपला. कड्यावरून घसरलात तर तुमचं हाड मोडेल, पण दुर्बीण हलायची नाही. ते खटक्याचं दिसायला छान, पण त्यात चिखल जातो, ते सैल पडतं. जेवढे खटके तेवढी कटकट.”

“मला खटक्याचंच हवंय. चुटकीसरशी निघालं पाहिजे. आणि परत लावल्यावर गोळी आधी लागत होती तिथेच लागली पाहिजे.”

“पण सारखी काढायची कशाला? दुर्बीण आहे ती, कवळी नाही!”

सेल्विनने दाराकडे पाहिलं. बाहेर फक्त त्याची गाडी होती आणि गाडीत त्याचा कुत्रा. तरीही त्याने आवाज खाली आणला. “झोपडीवर पोचायच्या आत काढायची आहे.”

झोपडी म्हटल्यावर मेरेआनाला पुढचं सांगायची गरज नव्हती. दर एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर येऊन ओरडू लागले की सेल्विन आणि त्याचे जुने मित्र आठवडाभर डोंगरातल्या झोपडीवर जात. चाळीस वर्षांत त्यांनी एकच नियम पाळला होता. बंदुकीवर दुर्बिणीची काच नाही. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, आपला डोळा आणि समोरचा नर, बस्स. नियम सेल्विनचाच. तो मोडला म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांसमोर एकाला झोपडीच्या दारातून परत पाठवलं होतं. “म्हाताऱ्याला चष्मा लागला, आता बंदुकीलाही लावलाय!” असं वर म्हणालाही होता. तो माणूस म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त विरेमू, मेरेआनाचा बाप. तेव्हापासून दोघं फक्त गावातल्या अंत्ययात्रांना एकमेकांना दिसत, तेही लांबून.

एवढं सगळं असून सेल्विन आज ह्याच दुकानात आला होता. दुसऱ्या दुकानात झोपडीवरच्याच मित्रांपैकी मर्व्हचा जावई काउंटरवर बसतो आणि त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

“झालंय काय काका?” मेरेआनाने विचारलं.

सेल्विन खटका उघडत-मिटत राहिला. “गेल्या वर्षी ऐंशी पावलांवरून एका नराच्या मांडीत गोळी घातली. माशी दिसलीच नाही मला, नुसतं धुकं. दोन दिवस त्याच्या मागावर फिरलो. सापडला तेव्हा जिवंत होता अजून.” त्याने खटका बंद केला. “पोरांना सांगितलं, नेम चुकला. तसं पुन्हा करायचं नाही मला. आणि झोपडीही सोडायची नाही. दुसरं आहे काय माझ्याकडे?”

पोरं म्हणजे डेस, मर्व्ह आणि नेव्हिल. तिघंही सत्तरीच्या पुढचे.

मेरेआनाने खटक्याचं माउंट त्याच्या रायफलीवर धरून दाखवलं. “दुर्बीण निघेल, पण ही खालची पट्टी रायफलीवरच राहणार बरं का. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा.”

“कुणाच्या लक्षात येईल?”

“तुमच्या आली?”

“म्हणजे?”

मेरेआनाने हातातला पाना खाली ठेवला. “डेसकाकांना मी अशीच दुर्बीण बसवून दिली त्याला पाच वर्षं झाली. मर्व्हकाकांची त्याच हिवाळ्यात. नेव्हिलकाका तर दुर्बीण पावाच्या पिशवीत घालून नेतात. तिघंही झोपडीच्या अलीकडे, ओढ्यापाशी काढतात. तिघांनी मला वेगवेगळी शपथ घातली आहे, की सेलला कळू देऊ नकोस. आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.”

“तिघंही?”

“तिघंही. एका बाबांनाच लपवता आलं नाही.”

सेल्विन आधी हसला. चांगला काउंटरला धरून हसला, इतका की बाहेर कुत्रा भुंकायला लागला. एकमेकांपासून तोंड चुकवत ओढ्यापाशी दुर्बिणी काढणारे तीन म्हातारे त्याला डोळ्यांपुढे दिसत होते, आणि चौथा तर आत्ताच रांगेत येऊन उभा राहिला होता. मग ते हसू आपोआप ओसरलं. विरेमू त्या दिवशी पाठीवरची पिशवी न उतरवताच मागे वळला होता. सेल्विनला लाज वाटली, आणि ती वाटायला सहा वर्षं लागली ह्याची त्याहून जास्त वाटली.

त्याने खटक्याचं माउंट उचललं आणि मेरेआनाच्या हातात परत दिलं.

“ते चार स्क्रूवालं लाव. चांगलं कस, माझ्याच्याने काय, कुणाच्याने निघता कामा नये,” तो म्हणाला. “आणि तुझ्या बापाला सांग, शुक्रवारी सकाळी सहाला दारात हॉर्न वाजवीन. दुर्बीण लावूनच बाहेर ये म्हणावं.”