उरलेल्या गोळ्या

पाकिटात दहा गोळ्या होत्या. दोन हानुसने घेतल्या, पाच रान्वाने. तीन उरल्या होत्या.

मार्युनने त्या पुन्हा मोजल्या.

"आई, ठेव ना ते आत," हानुस म्हणाला. वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाचे तो पातळ काप करत होता.

गोळ्या त्याच्याच. हिवाळ्यात घसा धरला तेव्हा मिळालेल्या. दोन घेतल्यावर वल्हं मारताना हात गळून गेले, म्हणून त्याने त्या सोडून दिल्या. मार्युनने त्याला आळशी म्हटलं होतं. मग त्याच्या धाकट्या बहिणीचा, रान्वाचा घसा धरला. ती गुणी पोर, सांगितल्या वेळेला गोळी घ्यायची. पाचवी घेऊन झोपली ती उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला लागणारं एक द्रव्य तिच्या रक्तात जन्मापासूनच कमी होतं. होतं तेवढंही या औषधाने संपवलं. असे लोक फेरो बेटांवर बरेच आहेत. मग गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. त्या द्रव्याचा आकडा पाचाच्या खाली असला, तर हे औषध म्हणजे विष.

शेजारचा योगवान पत्र नाचवत आत आला. "एकतीस! शाळेत मला कधी एवढे मार्क पडले नव्हते. तुमचं काय?"

"माझे अकरा," मार्युन म्हणाली. "याचं पत्र अजून नाही आलं."

योगवानने पत्र खिशात घातलं. आकडा बरा असला की पत्र यायचं. नाहीतर नर्स स्वतः यायची.

चर्चच्या वळणावर नर्सची गाडी दिसली.

"सुन्वा," योगवान म्हणाला. "म्हाताऱ्या मालानकडे चालली असेल. तिच्या पायाला पट्टी बांधायची असते ना."

"मालानची पट्टी सकाळी असते," हानुस म्हणाला.

गाडी फाटकाशी थांबली. सुन्वाने दारात बूट काढले. कॉफी नको म्हणाली. तिचं लक्ष टेबलावरच्या पाकिटाकडे गेलं.

"यातल्या हानुसने किती घेतल्या?"

"दोनच," मार्युन म्हणाली. "सगळ्या संपव म्हणून किती ओरडले मी. तो माझं ऐकतच नाही."

सुन्वाने कागद उलगडून तिच्यासमोर ठेवला.

हानुसचा आकडा दोन पूर्णांक तीन होता.