गोळ्या

टेबलावर पडल्या पडल्या धाकटीने दादाचा डावा हात घट्ट धरला. तिचा उजवा गुडघा टम्म फुगला होता. तज्ज्ञ बाईंनी त्यावर गार जेल चोपडलं आणि सोनोग्राफीचा प्रोब फिरवला.

"सांध्याचं आतलं अस्तर फारच जाड झालंय. तिथलाच तुकडा घेऊ या."

गुडघ्यापुरती भूल दिल्यावर सुई आत गेली. पडद्यावर पांढरी रेघ पुढे सरकत होती. धाकटीने डोळे मिटून घेतले होते. दादाला मात्र नजर हटवता येईना. टक्क आवाज झाला आणि सुईने अस्तराचा तुकडा कापला. असे सहा तुकडे दोन बाटल्यांत गेले.

"मला हा संधिवात वाटत नाही," हातमोजे काढत बाई म्हणाल्या. "क्षयाची शंका येतेय. रिपोर्ट आला की कळेलच. पण चार वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या? त्यांनी सूज दबते आणि आत सांधा पोखरला जातो. कुणी दिल्या?"

दादाचा स्वतःचा दवाखाना होता. "संधिवातच आहे, उगाच तपासण्या कशाला?" असं तो धाकटीला दरवेळी ठासून सांगत आला होता.

"कुणी कशाला? मीच दुकानातून आणायचे," धाकटी पटकन म्हणाली. "हा माझा भाऊ ओरडायचा, पण मी ऐकते कसली!"

बाईंनी कपाळाला आठ्या घालत केसपेपरवर तसं लिहिलं. कागद दादापुढे सरकवला.

"नातेवाईक म्हणून इथे सही करा."

त्याने केली. कागद उचलताना बाई थबकल्या. सवयीने नावाआधी 'डॉ.' पडलं होतं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती डोळ्यांनीच नको नको म्हणत होती.

"हो," तो म्हणाला. "गोळ्या मी दिल्या. चारही वर्षं मीच."

बाईंनी लिहिलेली ओळ खोडली.

धाकटीने त्याच्या हातातून हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कशाला बोललास रे दादा? आता मला तुझ्यावर रागवावं लागेल."