पेजेतली पावडर

"साहेब, ही पावडर माणसाला चालंल काय?"

पोल्ट्रीच्या शेडच्या दारात हरेश्वरने विचारलं, तेव्हा जीवन हसला. तो कंपनीचा सुपरवायझर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, त्यात कालवायची पावडरही कंपनीची. हरेश्वरची फक्त शेड आणि काळजी.

"काका, यात चांगले जिवाणू आहेत. पक्ष्याचं आतडं सुधारतं, भूक लागते, खाल्लेलं अंगाला लागतं. माणसावर कंपनीने प्रयोग केलेला नाही. माणूस कोण वजनावर विकत घेतो?"

"तसं न्हाय. विचारलं आपलं."

"देताय की काय कोणाला?"

हरेश्वर पक्ष्यांकडे बघत राहिला. पक्षी खात होते. त्यांना दुसरं काम नव्हतं.

"बायकोला. पेजेत चमचाभर. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हणाले, हवं ते खाऊ द्या. आता तिला काय हवंसंच वाटत न्हाय, तर खायला द्यायचं काय? मंग ही सुरू केली. गुण हाय, साहेब. वाटी रिकामी होते."

"आजारी माणसाला हे देऊ नका, काका. डॉक्टरांना विचारा."

"त्यांना विचारून झालं."

यापुढे बोलण्याइतकं जीवनचं शिक्षण झालेलं नव्हतं. तो निघाला. पण घरामागे सुपारीच्या वाडीत त्याला गावठी कोंबड्या दिसल्या. करारात स्पष्ट होतं : पोल्ट्रीजवळ गावठी कोंबडी पाळायची नाही, रोग येतो. निदान या विषयावर तरी त्याला अधिकाराने बोलता येणार होतं. हाकलायला तो मागे गेला. कोंबड्या एका खिडकीखाली माना वर करून उभ्या होत्या. अंगाने चांगल्या भरल्या होत्या.

खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. हात कसला, बांगडी पार कोपरापर्यंत सरकलेली. हाताने वाटी उपडी केली. पेज खाली पडली आणि कोंबड्या तिच्यावर तुटून पडल्या.

हरेश्वरच्या बायकोने, वेणूबाईने त्याला पाहिलं. दचकली नाही. दचकायलाही अंगात काही लागतं.

"तू कंपनीचा ना रं? ह्यांना सांगू नको."

"काकी, पण तुम्ही काहीच खाल्लं नाही, तर..."

"गिळवत न्हाय, बाला. पाणीपण न्हाय." ती दम घ्यायला थांबली. "वाटी रिकामी दिसली का मंग ते जेवतात. न्हायतर तसंच जातात शेडवर. उपाशी."

पुढच्या दारी चपला वाजल्या. तिने हात आत घेतला आणि पदराने तोंड पुसलं. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"संपली?" आतून हरेश्वरचा आवाज आला. "सगली?"

"हं. गोड लागली आज. अजून थोडी हाय काय?"

हरेश्वर लगेच वळला. स्वयंपाकघरात टोपावरचं झाकण त्याच्या घाईने खाली पडलं, आणि फरशीवर गोल गोल वाजत राहिलं.