वागण्यातला फरक

भूजलशास्त्राच्या एम.एस्सी.ला मी ‘विज्ञान, संवाद आणि समाज’ हा ऐच्छिक विषय घेतला, तेव्हा राऊधा मॅडमनी एकच अट घातली. आपलं संशोधन घरच्या कोणाला तरी समजावून सांगायचं. आठवड्याभरात त्या माणसाच्या वागण्यात फरक पडला, तरच पास.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण सुट्टीत दूझला, वाळवंटाच्या कडेच्या आमच्या गावी, खजुराच्या बागेत बाबांशेजारी बसून मी मन लावून बोललो.

“ही चहाची किटली म्हणजे गावाखालचं पाणी, बाबा. प्रत्येक बोअर म्हणजे एकेक पेला. किटलीत नव्याने ओतणारं कोणी नाही. सगळे असेच उपसत राहिले, तर सहा वर्षांत आपली झाडं वाळतील.”

“एवढंच होतं, तर पाच वर्षं विद्यापीठात काय करत होतास रे?” बाबा हसले. मग त्यांनी किटली उचलून हलवून पाहिली. “हे शेजारच्या लज़हरला सांगितलंस?”

“नाही. पहिल्यांदा तुम्हालाच.”



आठवडा संपायच्या आत बाबांनी आमचा बोअर आणखी शंभर मीटर खोल नेला, आणि मी पास झालो.