थांबलेल्या गाड्या

आईच्या मातीला मी गेलो नव्हतो. गव्हाची कापणी चालू आहे, असं फोनवर सांगून टाकलं होतं. तीन वर्षांनी कॅन्ससहून एकटाच तिच्या मिसिसिपीतल्या गावाकडे निघालो.

आर्कान्सापर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या नदीचा पूल ओलांडला आणि समोरून येणारा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. मग त्याच्यामागची गाडी थांबली. मग पुढे भेटलेली प्रत्येक. पुरुषांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या.

अमेरिकेच्या दक्षिणेत मयताच्या गाड्यांची रांग आली की लोक असेच थांबतात. मी आरशात पाहिलं. मागे भर दुपारचा रस्ता ओस पडला होता.

पेट्रोल पंपावर उतरलो. दुकानातली म्हातारी, छातीवरच्या पट्टीवर नाव लोरीन, स्वतःच गार चहाचा ग्लास घेऊन बाहेर आली.

"घे रे लेकरा, दोन घोट. कोण गेलं?"

"कुणी नाही हो, मावशी. मी एकटाच चाललोय."

"एकटा?" ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "एवढी लांब रांग लागलीय आणि म्हातारीची चेष्टा करतोस होय?"

मी वळलो. कापसाची शेतं, रस्ता, ऊन.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जा बाबा आता. आईला किती वेळ उन्हात ठेवशील?"

आईचा विषय मी काढलाच नव्हता.

गाडीत बसलो. किल्ली फिरवली.

माझ्यामागे, रिकाम्या रस्त्यावर, एकामागून एक गाड्या सुरू झाल्या.