सगळ्या वायरी करड्या

वायरमन असलेल्या बाबांना लाल आणि हिरवा रंग सारखाच दिसतो, हे फक्त लेकीला ठाऊक होतं. लहानपणापासून शेजारी बसून तीच वायरींचे रंग सांगायची. आज प्रशिक्षण केंद्रात अभ्यासक्रम निवडायचा होता. तिला इन्स्ट्रुमेंटेशन हवं होतं, पण त्यातली नोकरी दूरच्या कारखान्यात. मग बाबांना रंग कोण सांगणार? तिने हातातल्या अर्जात ‘इलेक्ट्रिशियन’वर बोट ठेवलं. “आधी कार्यशाळा तर बघू, गाडी सुटतेय का?” बाबा म्हणाले. आत कंट्रोल पॅनल उघडं होतं. शेकडो वायरी, सगळ्या करड्या. प्रत्येक टोकाला आकड्याची पांढरी कडी. बाबांनी एका टोकावरचा आकडा वाचला, त्याच आकड्याचं दुसरं टोक स्वतःच हुडकून काढलं. “साहेब, या कड्या बाजारात मिळतात?” त्यांनी तिथल्या शिक्षकांना विचारलं. “पाकिटानं मिळतात,” शिक्षक म्हणाले. बाबा लेकीकडे वळले. “मग माझं भागलं. आता उचल ते बोट, वेडे.”